गाडी तडवळ्यापर्यंत होती तेव्हा

आमच्या आजीनं कधी सन सांगितला नाही. तिची वर्षं रुळांवर बसवलेली असत. ‘पंढरीची गाडी सुरू झाली त्या साली धाकटा भाऊ झाला’, ‘गाडी तडवळ्यापर्यंतच होती तवा आईबानं मुरूम टाकायचं काम धरलं’, ‘मिरजंची लाईन पडली त्याच्या फुडच्या उन्हाळ्यात हिरीला पाणी लागलं’. लहानपणी हे कानावरून जायचं. पुढे बार्शी लाईट रेल्वेबद्दल मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा तारखा समोर आल्या. बार्शी १८९७, पंढरपूर १९०६, तडवळे १९०७, लातूर १९११, मिरज १९२७. आजीच्या गोष्टी या सालांच्या शेजारी मांडत गेलो, तर एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. अक्षरओळख नसलेल्या बाईनं सत्तर वर्षांचा क्रम कुठे ढळू दिला नव्हता.

तिचं माहेर मुरूडजवळ, म्हणजे मोगलाईत. सासर पांगरीला, म्हणजे इंग्रजीत. आमच्याकडची जुनी माणसं निजामाच्या आणि इंग्रजांच्या हद्दीला अशीच नावं घेत. या दोन गावांच्या मधून बार्शी लाईट धावायची. अडीच फूट रुंदीचे रूळ, बुटके डबे, धूर सोडत चाललेलं इंजिन. शंभर वर्षांहून अधिक काळ सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सांगली या चार जिल्ह्यांतल्या लोकांचं येणं-जाणं, माल, लग्नं, आजारपणं आणि वाऱ्या या गाडीनं वाहिल्या. तिचा छापील इतिहास बराचसा लंडनच्या कंपनीचा आणि तिच्या इंजिनांचा आहे. माणसांचा इतिहास मी घरात ऐकला, आणि माझ्या लेखी तोच मोठा.

जी.आय.पी. रेल्वेचे रूळ पुण्याहून सोलापूरकडे सरकले ते १८५९-६० मध्ये. बोरघाटाचं काम १८६३ साली पुरं झालं आणि इकडचा माल सलग मुंबईच्या बंदरापर्यंत जाऊ लागला. त्याच काळात अमेरिकेत यादवी पेटली होती. तिकडचा कापूस अडला, तसा आपल्याकडच्या कापसाचा भाव चढला. बार्शी तेव्हा भरभराटीची पेठ. भोवती बहुतेक निजामाचा मुलूख, आणि बालाघाटाच्या अंगानं उतरणारा कापूस, जवस, करडई, ज्वारी सगळं भगवंताच्या या गावात यायचं. रूळ मात्र गेले एकवीस मैल लांबून, कुर्डुवाडीवरून. तिथल्या स्टेशनाला कंपनीनं नाव दिलं ‘बार्शी रोड’. ते नाव वाचून उतरलेल्या माणसाला बार्शी गाठायला पुढे बैलगाडीच करावी लागे.

माझे पणजोबा त्या रस्त्यावरचे गाडीवान. कापसाची बोंदरी भरायची, संध्याकाळी बार्शी सोडायची, सीनेच्या काठी बैल सोडून त्यांना पाणी-वैरण दाखवायची, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत बार्शी रोड गाठायचं. हे आजोबांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं. पावसाळ्यात सीना दुथडी भरली की गाड्या काठावर खोळंबत. बोंदरीखाली गोणपाट, वर घोंगडी, तरी कापूस भिजायचा तो भिजायचाच. ओल्या कापसाचा तोटा व्यापारी गाडीवानाच्या भाड्यातून कापून घेई. पणजोबा शेवटपर्यंत सांगत, की त्या रस्त्यावर त्यांनी कमावलं त्याहून जास्त सीनेनं नेलं.

हा एकवीस मैलांचा तुटवडा एका इंग्रज इंजिनिअरच्या डोळ्यांत भरला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ साली जी.आय.पी.च्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. मुख्य मार्गापासून दूर पडलेल्या पेठांना स्वस्तातल्या छोट्या रेल्वेनं जोडायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि त्यासाठी त्यानं बार्शी निवडली. त्याच्या कंपनीला त्यात रस वाटला नाही. कॅलथ्रॉपनं नोकरी सोडली, विलायतेला गेला, पण बार्शीचा नाद सोडला नाही. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

त्याचा विचार मला आजही नेटका वाटतो. रेल्वे महाग होते ती मुख्यतः रुळांमुळे, भरावांमुळे आणि पुलांमुळे, आणि हे सगळं किती भक्कम हवं ते गाडीच्या एका आसावर पडणाऱ्या वजनावर ठरतं. कॅलथ्रॉपनं नियमच घातला, की इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, पूलही हलके चालले. डबे मात्र त्यानं रुळांच्या मानानं चांगले रुंद आणि लांब केले, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जावा. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात घडली. त्यांचा भार वाटला जावा म्हणून आठ चाकं एकमेकांना जोडलेली, मागे आणखी चार. जहाजात चढवण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले गावी मुद्दाम रूळ टाकून त्यांची परीक्षा घेतली गेली. पुढे याच कॅलथ्रॉपनं वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं आणि अरबी घोड्यांच्या सहवासावर पुस्तकही लिहिलं. इंग्लंडमध्ये १९०४ साली त्यानं बार्शीच्याच मापाची आणखी एक रेल्वे उभी केली. ती तीस वर्षांत बंद पडली. आमची मात्र तिच्यानंतरही अनेक दशकं चालत राहिली.

गाडी सुरू झाली ते साल सुखाचं नव्हतं. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला फार कडक गेला होता आणि मुंबई-पुण्याकडे प्लेगनं थैमान घातलं होतं. इंजिन पहिल्यांदा बार्शीत आलं तेव्हा लोकांनी नारळ फोडले, हळद-कुंकू वाहिलं, आणि त्याच गर्दीत पोरांना लुगड्याखाली लपवणाऱ्या बायकाही होत्या. सीनेवरच्या पुलाच्या पायात माणूस घातलाय अशी बोलवा होती. पणजीनं आजोबांना कित्येक दिवस रुळांकडे जाऊ दिलं नव्हतं. अशा आवया त्या काळी देशभर ठिकठिकाणच्या पुलांबद्दल उठत, हे मी नंतर वाचलं. पण दुष्काळात गावंच्या गावं पोटासाठी बाहेर पडलेली, कुणाचं माणूस कुठे गेलं याचा पत्ता नाही, अशा वेळी पणजीच्या मनात ती भीती का रुजली असेल हे मला समजतं.

पणजोबांचा धंदा गाडीनं बसवला. बार्शी रोडच्या फेऱ्या संपल्या. काही गाडीवानांनी बैल विकले. पणजोबांनी विकले नाहीत. रूळ बार्शीला आले म्हणून आसपासच्या खेड्यांतून बार्शीत येणारा माल वाढला, आणि तो स्टेशनात आणायला गाड्याच लागत होत्या. लांबच्या वाटेऐवजी त्यांनी जवळची धरली. आजोबांना त्यांनी शाळेत घातलं, बैलांमागे लावलं नाही, आणि आजोबा पुढे बार्शीच्या एका अडत दुकानात मुनीम झाले. रेल्वेच्या पावत्या लिहिणं हेच त्यांचं काम. घरात पहिल्यांदा दौत-टाक आला तो असा.

पंढरपूरचा फाटा १९०६ साली झाला आणि या रेल्वेचं रूप पालटलं. कॅलथ्रॉपनं ती कापसासाठी आखली होती, भरली ती वारकऱ्यांनी. आषाढी-कार्तिकीला देशभरातून येणारा माणूस कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचा आणि लाईटमध्ये चढायचा. प्रवासी डबे पुरत नसत, मग मालाचे डबे लावले जात. तेही भरले की लोक टपावर चढत. आजोबांची थोरली बहीण लहानपणीच विधवा झालेली. आळंदीहून पायी चालण्याइतकं बळ तिच्या पायांत नव्हतं, एक पाय जन्मतः अधू. घरातले सगळे तिला म्हणत, ‘तुझं पंढरपूर हितंच.’ गाडी सुरू झाली आणि ती दरसाल एकादशीला पंढरीत दिसू लागली. या आत्याआजीच्या तोंडून मी एक वाक्य ऐकलं होतं, ‘चालणाऱ्याला माउली हाय, मला लाईट हाय.’ पायी वारीचं थोरपण कुणी सांगायला नको. पण म्हातारी, अधू, लेकुरवाळी, पोटापाण्याला बांधलेली, अशी जी माणसं त्या दिंडीत कधी चालू शकली नसती त्यांनाही या छोट्या गाडीनं चंद्रभागेवर नेलं, आणि पायी गेलेल्यांपैकी कित्येकांना पेरणीच्या आत घरी आणून सोडलं. वारीबद्दल लिहिताना ही गोष्ट फार थोडे लोक लिहितात.

आत्याआजीच्या गोष्टींत पटकीचं भयही होतं. यात्रेत पटकी पसरली की गाड्यांतूनच ती गावोगाव जायची. पुढच्या काळात सुई टोचून घेतल्याशिवाय यात्रेला जाता येईना. स्टेशनाबाहेर डॉक्टरची रावटी, बायकांची रांग, दंड धरून रडणारी पोरं. आत्याआजी म्हणे, की पहिल्या साली सुईच्या धास्तीनं ती तशीच परतायला निघाली होती. मागच्या एका अनोळखी बाईनं हात धरून पुन्हा रांगेत उभी केली. त्या बाईबरोबर पुढे तिचा जन्माचा ऋणानुबंध जुळला. दोघी दर आषाढीला कुर्डुवाडीच्या फलाटावर भेटत. एका साली ती बाई आली नाही. तिचं गाव कोणतं, हे आत्याआजीनं कधी विचारलंच नव्हतं.

आता बार्शीच्या पूर्वेला. इथे आजीची साक्ष सगळ्यांत भरवशाची, कारण हे रूळ पडताना तिनं डोळ्यांनी पाहिले. १९०७ साली गाडी कसब्याच्या तडवळ्याला पोहोचली आणि तिथेच थांबली. पुढचं ढोकी, मुरूड, हरंगुळ करत लातूरपर्यंतचं काम १९११ साली पुरं झालं. मधल्या वर्षांत भराव घालायला गावोगावची माणसं रोजावर होती. आजीची आई डोक्यावर मुरुमाची पाटी वाहायची आणि तान्ह्या भावाला बाभळीला बांधलेल्या झोळीत ठेवायची. झोका द्यायचं काम आजीकडे. मजुरी हाली पैशात मिळायची. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव वेगळा. तिकिटाला कोणता पैसा चालेल, सुटे किती परत मिळतील, यावरून खिडकीपाशी रोज तंटे.

सगळ्यांत मोठा जाच करोडगिरीचा. पांगरी इंग्रजीत, आणि घाट चढून पुढचं येडशी मोगलाईत. हद्द ओलांडली की निजामाचे जकातवाले बोचकी सोडायला लावत. आजी माहेरी निघाली की सासूबाई तिला नवं लुगडं आतून नेसवत आणि त्यावर जुनेर. लहान मुलांना एकावर एक दोन-दोन सदरे. उन्हाळ्यात या वेषात घाटातला प्रवास म्हणजे घामानं आंघोळ. एकदा जकातदाराला संशय आला, पण त्याच्याही घरात लेकीसुना असतील, त्यानं मान फिरवली आणि पुढच्या डब्यात गेला. आजी त्या माणसाचा उल्लेख कायम आदरानं करायची. मोगलाईच्या गोष्टींत सरसकट वाईट माणसं भरलेली असतात, तिच्या गोष्टीत हा एक माणूस वेगळा उभा असे.

येडशीच्या घाटाबद्दल बोलायचं तर माझ्या धाकट्या आजोबांना बोलवावं लागेल. आजोबांचे हे धाकटे भाऊ कुर्डुवाडीला क्लीनर लागले, मग फायरमन झाले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. रामलिंगाच्या रानातून चढण सुरू झाली की इंजिन धापा टाकायला लागायचं. पावसाळ्यात रूळ ओले, त्यांवर सागाची पानं पडलेली, चाकं जागच्या जागी फिरायची. मग रुळांवर वाळू सोडायची, भट्टीत कोळसा पातळ आणि सारखा पसरायचा. ढीग टाकला की आग गुदमरते आणि वाफ उतरते. ‘कोळसा फेकायचा न्हाई, वाढायचा,’ असं ते म्हणत. चढणीला लोक खाली उतरून गाडीबरोबर चालत, करवंदं तोडत आणि पुन्हा चढत, हे तर आमच्या भागात सगळेच सांगतात. धाकट्या आजोबांना ही गोष्ट कुणी सांगितलेली आवडत नसे. गाडी हळू जाते म्हणून लोक हसतात, पण तेवढ्याशा इंजिनानं तेवढा माल त्या चढावर नेणं किती कठीण होतं हे फूटप्लेटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, असं ते तळमळून बोलत. मला त्यांचं म्हणणं पटतं. बार्शी लाईटच्या संथपणाच्या आठवणी खूप लिहिल्या गेल्या. ते इंजिन चालवणाऱ्यांच्या भाजलेल्या हातांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

लातूरला रूळ गेले आणि लातूर पालटलं. तोवर बालाघाटावरचा माल बार्शीकडे उतरायचा, आता तो लातुरातच उतरून डब्यात भरला जाऊ लागला. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती गंजगोलाई १९१७ सालची, रेल्वेनंतरची. बार्शीच्या अडत्यांना याची झळ लागली. आजोबांचे मालक पुष्कळ वर्षं म्हणत होते, की लाईन तडवळ्यालाच थांबली असती तर बरं झालं असतं. पण रूळ एका पेठेच्या सोयीनं थांबत नाहीत.

तडवळ्याचं नाव आणखी एका कारणानं आमच्या भागात कोरलेलं आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. निजामाच्या मुलखात, रेल्वेच्या काठचं हे गाव. त्या दोन दिवसांत पांगरीवरून जाणारी गाडी माणसांनी खचाखच भरलेली आणि आत जागा न मिळालेले लोक रुळांच्या कडेकडेनं पायी निघालेले आजीनं पाहिले होते. ती म्हणायची, ‘एकाच्याबी मानंवर ओझं न्हवतं त्या दिवशी.’ वतनाच्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या राबवून घेतलेली ती माणसं होती. तिला परिषदेतले ठराव माहीत नव्हते. ताठ माना तेवढ्या लक्षात होत्या.

सात वर्षांनी त्याच रुळांवर वेगळं दृश्य दिसलं. १९४७-४८ मध्ये रझाकारांचा जाच वाढला, तसे धाराशिव-लातूरकडचे लोक इंग्रजी हद्द म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आता स्वतंत्र भारताच्या झालेल्या बार्शी भागात येऊ लागले. सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाचे कॅम्प उभे राहिले होते. पांगरीच्या आमच्या वाड्यात त्या पावसाळ्यात मुरूडकडची तीन कुटुंबं राहिली. आजीची भावजय दोन लेकरांना घेऊन आली, तिच्याजवळ एक तांब्या होता, दुसरं काही नाही. आजीचा धाकटा भाऊ, पंढरीच्या गाडीच्या साली झालेला, मागे राहिला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. त्यानंतर कितीतरी दिवस आजी दर गाडीला स्टेशनात जाऊन उभी राहायची. भाऊ आला तो गाडीनं नव्हे, रानातून चालत आला. दाढी वाढलेली, ओळखू न येणारा. हा प्रसंग आजी एकदाच बोलली आणि पुन्हा कुणी विचारलं तर विषय बदलायची.

मिरजेची लाईन थोडक्यात सांगतो, कारण तिकडे आमच्या घरचं जाणं-येणं कमी. पंढरपूर ते मिरज हा टप्पा १९२७ साली सुरू झाला, सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ असा माणदेशाच्या अंगानं जाणारा, उन्हानं करपलेला पट्टा. तो झाल्यावर बार्शी लाईटची एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर झाली. अडीच फुटी रुळांची एवढी सलग लांबी ही मोठीच गोष्ट. आमच्याकडच्यांना मिरज माहीत झाली ती दवाखान्यामुळे. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलची कीर्ती आमच्या खेड्यांत होतीच, पण तिथे पोहोचणार कसं? लाईन झाल्यावर मोतीबिंदू झालेली, पोटात गाठ असलेली माणसं घोंगडी अंथरून त्या गाडीत झोपून गेली आणि पुष्कळशी बरी होऊन परत आली. आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिथलंच. त्यानंतरची वीस वर्षं त्यांनी पावत्या लिहिल्या.

१९५४ च्या जानेवारीत सरकारनं कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत आली. घरातल्या रेल्वेवाल्यांना हा बदल फार मोलाचा वाटला. धाकटे आजोबा म्हणत, की लंडनचे मालक त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, साहेब बदलायचे, नियम बदलायचे, त्यामागचं कारण कळायचं नाही. आता आपण देशाच्या रेल्वेचे नोकर, असं सांगताना ते सरळ बसत. त्यांचा मुलगा, माझे काका, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. १९७४ च्या मे महिन्यातल्या देशव्यापी संपात तेही होते. त्या तीन आठवड्यांत घरातल्या चुलीवर काय शिजत होतं हे काकूनं मला सांगितलंय, आणि काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते वर्कशॉप छोट्या रुळांची गाडी गेल्यावरही टिकलं. माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्तीला तिथे येतात, कारण अडीच फुटाच्या आतबाहेरची ही मापं हाताखालून गेलेली माणसं त्या गावात आहेत.

मग मोठे रूळ आले. कुर्डुवाडी-पंढरपूर नव्या शतकाच्या तोंडाशी रुंद झाला. लातूरकडचं काम २००७-०८ मध्ये पुरं झालं, आणि पंढरपूर-मिरज त्यानंतर दोन-तीन वर्षांत. छोटी गाडी गेली म्हणून हळहळणारे लेख मी खूप वाचले. ती हळहळ मला समजते, पण मी तिच्यात सामील होत नाही. नव्या आखणीत गाडी धाराशिव शहरावरून वळवली गेली. जिल्ह्याचं ठिकाण, पण शंभर वर्षं तिथल्या माणसाला गाडी धरायची तर येडशी गाठावी लागत होती. पूर्वी लातूरहून मुंबईला निघालेला माणूस कुर्डुवाडीला बोचकी, पोरं, म्हातारी घेऊन अर्ध्या रात्री गाडी बदलायचा. कुर्डुवाडीच्या हमालांना दर पोत्यामागे एकदा उतरवायचं आणि एकदा चढवायचं, असं दोनदा काम लागे. व्यापाऱ्याचा तोटा, शेतकऱ्याचा तोटा. तो सगळा त्रास संपला. धाकटे आजोबा असते तर तेही खूश झाले असते, त्यांचं प्रेम रेल्वेवर होतं, रुळांच्या मापावर नव्हे.

एका गोष्टीत ही जुनी आखणी किती दूरवर उपयोगी पडली ते २०१६ च्या उन्हाळ्यात दिसलं. लातूर कोरडं पडलं होतं. मांजरा धरण आटलं, पाण्यावरून हाणामाऱ्या नकोत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली. तेव्हा कृष्णेचं पाणी मिरजेत टाक्यांच्या गाडीत भरलं गेलं आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या आणि एकूण शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. मिरज ते लातूर हा मार्ग म्हणजे रुंद केलेली बार्शी लाईट. कॅलथ्रॉपच्या एकवीस मैलांपासून तुकड्यातुकड्यानं वाढत गेलेली ही वाट नसती, तर ते पाणी कुठून आणि कसं नेलं असतं? माझी काकू तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. गाडी बार्शीवरून जाणार असं कळल्यावर तिनं नातवाला रात्री स्टेशनात पाठवलं आणि त्याला सांगितलं, ‘तुझ्या खापरपणज्यानं या वाटंवर भिजलेला कापूस न्हेलाय. पाणी जातंय ते बघून यी.’

कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, सांगोला, ढालगाव, येडशी, मुरूड, लातूर या पट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात गँगवर, फायरिंगला, फाटकावर, बुकिंगवर किंवा हमालीवर काम केलेलं कुणी असेल, नाहीतर नुसतं या गाडीनं सासरी-माहेरी गेलेलं कुणी असेल, त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. कोणत्या स्टेशनात इंजिन पाणी घ्यायचं, करोडगिरीला काय दडवलं जायचं, कुणाचं शेत रुळाखाली गेलं आणि त्याचे पैसे मिळाले का, यात्रेच्या गाडीत कुणाचं बाळंतपण झालं, संपात घर कसं चाललं. कंपनीच्या आणि सरकारच्या तारखा दफ्तरांत आहेत, त्या उद्याही सापडतील. पण वाफेचं इंजिन हातानं चालवलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा वही घेऊन जा.